म्हसोबाला चोवीस मीटरचा वळसा

सत्य कितीही दूर गेले तरी क्षीण होत नाही. हे वाक्य चाकणला आमच्या कंपनीच्या फाटकाशी काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरलेले आहे आणि त्याखाली एमडी साहेबांची सही आहे. पाहुणे त्यापाशी उभे राहून फोटो काढून घेतात. बबन गाडे त्या दगडासमोरून रोज दोनदा जात. एकदा मी त्यांना विचारले, "बबनराव, पटतं का हे?" त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि एखादे ड्रॉइंग वाचावे तसे ते वाक्य सावकाश वाचले.

"तांब्याच्या तारंतनं जाणार असंल, तर नव्वद मीटरपातूर बरोबर हाय," ते म्हणाले. "फुडं टेस्ट करावं लागंल."

बबनराव कंपनीत नेटवर्कच्या तारा ओढत. कॉम्प्युटर, कॅमेरे, मशिने एकमेकांशी ज्या करड्या तारांतून बोलतात, त्या छताला लटकलेल्या जाळीदार पन्हाळीतून नेणे, भिंतीवरून उतरवणे, टोकाला जोडणे आणि मोजणे हे त्यांचे काम. अंगाने बुटके, मान कायम वर. चालताना जमिनीकडे न बघता छताकडे बघत चालणारा माणूस एरवी कवी तरी असतो नाही तर खड्ड्यात पडतो. बबनराव यांपैकी काहीच नव्हते. त्यांचा करार अकरा महिन्यांचा असे. अकरा महिने संपले की ते चार दिवस बेकार होत आणि पाचव्या दिवशी नवे म्हणून रुजू होत. असे चौदा वेळा झाले होते. दर वेळी माझ्या टेबलाशी येऊन सांगत, "नवीन जॉइन झालोय साहेब, संभाळून घ्या."

मी दस्तऐवज विभागात होतो, अजूनही आहे. जे घडले ते घडले असे लिहिणे, आणि जे घडले नाही ते घडण्याची कार्यपद्धती लिहिणे, असे आमच्या विभागाचे स्वरूप आहे. आमची पहिली भेट माझ्या कॉम्प्युटरमुळे झाली. तो दर अर्ध्या तासाने बंद पडे. बबनराव आले, कॉम्प्युटरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. ते मागे सरकले, छताकडे पाहिले, दारापर्यंत गेले, परत आले.

"कुटनं येता तुमी?" त्यांनी विचारले.

"आकुर्डीहून."

"तुमी न्हवं, तुमची तार. पर आकुर्डी म्हंजे चांगलं ईस किलोमीटर. एका पेटीत तीनशे पाच मीटर तार असती. म्हंजे पासष्ट पेट्या." ते हळहळले. "लांब पडतं हो तुमाला. मधी दम भरायला एक रिपीटर पायजे. मोशीला च्या घेत जावा."

मोशीचा चहा मी खरोखरच सुरू केला. कॉम्प्युटरचे म्हणाल, तर माझी तार जिन्याला विनाकारण दोन वेढे घालून आली होती. त्यांनी वेढे काढले आणि कॉम्प्युटर सुधारला. त्याआधी मी त्याच्यासाठी दोन वेळा नवा मॉनिटर मागवला होता.

ते सगळे अंतर पेट्यांत सांगत. चाकण ते आळंदी बेचाळीस पेट्या. मुलीचे सासर तळेगावला, ते कुठल्या रस्त्याने जाता त्यावर. आणि टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. तार ते वावेने मोजत. दोन्ही हात पसरले की एक वाव, विहिरीचा दोर पूर्वी असाच मोजत. त्यांची वाव पाच फूट एक इंच भरे. हात पसरून, छातीवरून तार सरकवत, ओठांत आकडे मोजत ते उभे राहिले की लांबून कुणाला तरी मिठी मारत असल्यासारखे दिसत. शेवटी तारेच्या अंगावरचा आकडा बघत. दर मीटरला तिच्यावर एक आकडा छापलेला असतो. या टोकाचा आकडा त्या टोकाच्या आकड्यातून वजा केला की लांबी कळते.

"तार सोताची लांबी सोता सांगती, साहेब," ते म्हणत. "फकस्त वाचायला वर चढावं लागतं. म्हनून कुनी वाचत न्हाई."

त्यांच्या वडिलांना वाचता येत नव्हते. कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे त्यातली काही गाडे घराण्याची. जमीन घेताना मोजणी झाली, ती कागदावर बारा गुंठ्यांनी कमी भरली. वडील म्हणाले, रान तर बांधापासून बांधापर्यंत आहे तेवढेच आहे. समोरचा म्हणाला, बाबा, कागद बघा. वडिलांनी कागद बघितला, म्हणजे त्याच्याकडे बघितले, आणि अंगठा दिला. बबनराव तेव्हा शाळेत होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही तक्रार म्हणून नव्हे. ते वावेने का मोजतात असे मी विचारले होते, त्याचे ते उत्तर होते.

त्या जमिनीत गाडे घराण्याचा म्हसोबा होता. तो कंपनीच्या आवारात आला, पण उठला नाही. शेंदराचा एक दगड, पुढे त्रिशूळ, बाजूला एक लिंबाचे झाड. हा देव छप्पर घेत नाही. त्याच्यावर कुणी छप्पर घातले की ते वाऱ्याने उडते अशी गावाची समजूत आणि आमच्या एमडी साहेबांची श्रद्धा. समजूत आणि श्रद्धा यांत फरक असा, की समजूत असलेला माणूस एखाद दिवशी विसरतो.

बबनरावांचे नेटवर्कशास्त्र त्यांनी स्वतःच तयार केले होते. तारेत संदेश का विरतो, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "रानात हाक मारून बघा. पयल्या बांधावर नाव ऐकू येतं. दुसऱ्या बांधावर नुसता आवाज. तिसऱ्या बांधावरच्याला वाटतं कुत्रं भुंकलं. कुत्र्याला कुनी ओ देतं का?" आणि उष्णतेचे: "तांबं मानसावानीच. सकाळी खणखणीत बोलतं, दुपारी सुस्तावतं. वर पत्रा तापला की नव्वद मीटरची तार बी शंभरावानी वागती."

वेळेचे गणितही ते असेच सांगत. जुन्या काळी सगळी मशिने एकाच तारेवर बोलत. दोघे एकदम बोलले की धडक होई, आणि धडक झाल्याची खबर बोलणाऱ्याकडे त्याचे बोलणे संपायच्या आत माघारी यावी लागे. तार फार लांब असली तर खबर यायच्या आत बोलणारा बोलून मोकळा. "मग त्येला वाटतं, आपलं पोचलं," बबनराव म्हणाले. "आता तसं न्हाई, आता मधी स्विच आले, ज्येला त्येची तार. आता तसं फकस्त मीटिंगमंदी हुतं."

हे ऐकल्यापासून मी मीटिंगमध्ये घड्याळाकडे बघू लागलो. त्यांचे म्हणणे खरे निघाले. आमच्याकडे धडकेची खबर सरासरी पुढच्या तिमाहीत येते.

आता मुख्य गोष्ट. कंपनीने नवी शेड बांधली. रोबोटांची लाइन, आठ रोबोट, एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला सर्व्हर रूम. म्हसोबा मधोमध. एमडी साहेबांनी शेडच्या पत्र्यात बारा मीटर बाय बारा मीटरचा चौकोन उघडा ठेवायला लावला, भोवती जाळी, आत देव, वर आकाश. इथपर्यंत सगळे सुंदर होते. मग तारेचा प्रश्न आला. सर्व्हर रूम ते रोबोट सरळ गेले तर चढ-उतार धरून ब्याऐंशी मीटर. पण सरळ गेले तर तार देवाच्या डोक्यावरून जाते.

प्रकल्पप्रमुख कुलथे साहेबांनी ड्रॉइंगमध्ये तारेला चौकोनाच्या बाजूने वळवले. बारा मीटर बाहेर, दक्षिणेच्या पत्र्याला खेटून, बारा मीटर आत.

"चोवीस वाढले," बबनराव मीटिंगमध्ये म्हणाले. ते मीटिंगला खुर्चीवर बसत नसत, दाराशी उभे राहत. "एकशे सहा. नव्वदात बसत न्हाई, साहेब."

"अहो, मायनर आहे," कुलथे म्हणाले.

"चोवीस मीटर मायनर न्हाई. आन जागा पत्र्याखाली, दक्षिणेला. एप्रिलात तितं पापड भाजतील. फायबर घ्या, काचंची तार. फायबरला उन्हाचं आन लांबीचं काय न्हाई."

"डिझाइन फ्रीज झालंय, बबनराव. फायबर म्हणजे हेड ऑफिसचं अप्रूव्हल, तीन महिने. डिझाइन गोठलंय."

"गोठलं असंल तर बरंच हाय. गारव्यात तार चांगली चालती."

मी हसलो आणि खोकल्याचे निमित्त केले. एमडी साहेब मात्र गंभीर होते. ते दूरच्या शहरातून आलेले, अत्यंत भाविक आणि गाडीच्या डॅशबोर्डवर चार देव बाळगणारे गृहस्थ. बबनराव त्यांना म्हणाले, "साहेब, दुसरा रस्ता सोपा हाय. वरनंच न्या. देव आमचाच हाय. मी सांगतो त्येला, काय म्हनत न्हाई तो. त्याच्या डोक्यावं कावळं बसत्यात, त्येंनाबी काय म्हनत न्हाई."

एमडी साहेबांनी दोन्ही कानांना हात लावला. "असं बोलूसुद्धा नका. देवाच्या डोक्यावरून करंट?"

"करंट न्हाई साहेब, निरोप."

"नाही म्हणजे नाही."

देव बबनरावांचा होता, भीती साहेबांची. आमच्याकडे नेहमी भीतीचा निर्णय अंतिम असतो. तार वळशाने गेली. ती ओढली बबनरावांनीच, तीन दिवस पत्र्याखाली घामाघूम होऊन, आणि ओढायच्या आधी आणि नंतर एक-एक चिठ्ठी लिहून दिली की लांबी बसत नाही. चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. मी त्यांना क्रमांक दिले आणि फाइल केल्या.

मग तपासणी. त्यासाठी एक टेस्टर असतो, हातात मावणारा. तो तारेत एक ठोका सोडतो आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. विहिरीत दगड टाकून डुबुक कधी येते ते ऐकावे, तसे. पण वेळेवरून अंतर काढायचे तर ठोका किती वेगाने जातो ते त्याला आधी सांगावे लागते. हा वेग तारेच्या पेटीवर छापलेला असतो. आमच्या पेटीवर होता प्रकाशाच्या वेगाच्या शेकडा एकोणसत्तर. बबनरावांनी सकाळी सातला, पत्रा गार असताना, टेस्टर लावला. बाकी सगळी मापे जेमतेम हिरवी, म्हणजे पास, लांबी लाल. एकशे सहा. मग दुपारी दोनला पुन्हा लावला. सगळेच लाल.

दुसऱ्या दिवशी पत्रा तापायच्या आत कुलथे साहेबांनी आदल्या सकाळचा कागद पाहिला आणि टेस्टर हातात घेतला. मी शेजारी होतो, कारण सही झाली की कागद मला न्यायचा होता. उद्घाटनाला दोन दिवस उरले होते.

"हा एकोणसत्तर कोणी टाकला?"

"पेटीवर छापलाय, साहेब."

"पेटीवर काहीही छापतात." कुलथे साहेबांनी एकोणसत्तरचे अठ्ठावन्न केले आणि बटण दाबले. ठोका आता सावकाश चालत असल्याने तेवढ्याच वेळात त्याचे अंतर कमी भरले. एकोणनव्वद पूर्णांक एक. हिरवे. "हे बघा. पास. करा सही."

बबनरावांनी आधी टेस्टरकडे पाहिले, मग वर पत्र्याकडे.

"तार आकसली का, साहेब?"

"तुमचा प्रॉब्लेम काय आहे?"

"तार हाय तेवढीच हाय. तुमी नुसती तिला हळू चालायला लावली."

"बबनराव, थोडं फ्लेक्सिबल व्हा ना, राव. येत्या सोमवारी तुमचा करार संपतोय. बरोबर?"

"व्हय."

"पाचव्या दिवशी परत यायचंय ना?"

बबनरावांनी शर्टाच्या खिशातले पेन काढले. मला वाटले, करतात सही. त्यांनी पेनचे टोपण घट्ट बसवले आणि ते पुन्हा खिशात ठेवले.

"माझ्या बापानं एकदा अंगठा दिलाय, साहेब," ते म्हणाले. "आमच्या घरचा कोटा संपला."

आणि शिडी घेऊन गेले.

तपासणाऱ्याची सही नसेल तर काय करायचे, याची आमच्याकडे कार्यपद्धती आहे. तपासणारा उपलब्ध नसल्यास दस्तऐवज विभागाने टेस्टरचा छापील कागद आणि तपासणी-फॉर्म जुळतात याची खात्री करून सही करावी. हे कलम मीच लिहिले होते आणि तेव्हा मला ते फार सुटसुटीत वाटले होते. कुलथे साहेबांनी मला बोलावले. त्या महिन्यात माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. त्यांनी तो नुसता डावीकडून उजवीकडे सरकवला. मी जुळवले. छापील कागदावर एकोणनव्वद पूर्णांक एक. फॉर्मवर एकोणनव्वद पूर्णांक एक. जुळत होते. मी सही केली.

हे मीच जाऊन बबनरावांना सांगितले. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरे, असा माझा विचार होता.

"कागदाला कागद जुळला?" त्यांनी विचारले.

"जुळला."

"मग तुमचं काम बरोबरच हाय की. तुमी कागद तपासला. तार कुटं तपासली?"

त्यात टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

बुधवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांच्या मुहूर्तावर उद्घाटन झाले. फीत, नारळ, फेटे. एमडी साहेबांनी प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या उद्योगाबद्दल भाषण केले. आमच्या तारेत तो वेग नुकताच कमी करण्यात आला होता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. आठही रोबोट डौलात हलत होते. जेवणाला बासुंदी होती. दोन वाजून दहा मिनिटांनी रोबोट थांबले.

सर्व्हर रोबोटाला ठराविक वेळात निरोप देतो. निरोप आला नाही तर रोबोट वाट बघतो, दुसरा नाही, तिसरा नाही, की मग सुरक्षितता म्हणून जागच्या जागी थिजतो. "तलाठ्याचं उत्तर सा महिन्यांनी आलं तरी मानूस जगतो," बबनराव म्हणत, "रोबोटाला तेवढा दम न्हाई." आठही हात हवेत उचललेले, सगळे म्हसोबाच्या दिशेने. "आरती सुरू झाली रे," लाइनवरचा एक ऑपरेटर म्हणाला. साडेचारला, ऊन उतरल्यावर, रोबोट आपोआप हलू लागले. गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच.

कुलथे साहेब गुरुवारी सॉफ्टवेअर म्हणाले, शुक्रवारी व्हायरस म्हणाले. तारेचे नाव कोणी घेऊ शकत नव्हते. तार बदलायची तर ती लांब आहे असे आधी लिहावे लागले असते, आणि ती लांब नाही असे सहीशिक्क्यानिशी लिहिलेले होते. फाइल माझ्या कपाटात होती. मी दोनदा कपाट उघडले आणि दोनदा बंद केले. शनिवारी ग्राहक कंपनीचा फोन आला. त्यानंतर एमडी साहेबांनी निदान केले, की डोक्यावरून तार नेण्याची भाषा झाल्यामुळे देव कोपला आहे.

त्यांचे गुरुजी आले. त्यांनी दुपारी दोन वाजता चौकोनात उभे राहून डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण पाय भाजत होते. "देव तापला आहे," ते म्हणाले. मला वाटते, सगळ्या प्रकरणात अधिकृतपणे बोलले गेलेले सत्याच्या सर्वांत जवळचे विधान तेच. उपाय जलाभिषेक. देव छप्पर घेत नाही, तेव्हा पाणी वरून यावे, पाऊस यावा तसे. आणि ते मानकऱ्याने घालावे. मानकरी कोण?

गाडे.

रविवारी टँकर आला. म्हसोबाचा वार, बबनरावांच्या कराराचा शेवटून दुसरा दिवस. सुट्टी रद्द करून लाइन चालू ठेवली होती. दुपारी दीडला बबनराव डोक्याला फेटा, हातात टँकरचा जाड पाइप अशा थाटात पत्र्यावर चढले. खाली गुरुजींचे मंत्र, एमडी साहेब हात जोडून, कुलथे साहेब त्यांच्यावर छत्री धरून. पाणी सुटले. ते देवावर पडेना. ते पडत होते दक्षिणेच्या पत्र्यावर, चौकोनाच्या बाजूने, बारा मीटर बाहेर आणि बारा मीटर आत.

"अहो मानकरी!" गुरुजी मंत्र थांबवून ओरडले. "देवावर! देवावर घाला!"

"येतंय, येतंय!" वरून आवाज आला. "उतारानं येतंय, गुरुजी! तुमी म्हना फुडं!"

पत्र्यावरून वाफ निघत होती. ज्याने तीन दिवस पोटावर पडून ती तार ओढली होती, त्याला ती पत्र्याखाली कुठून कुठे जाते ते वरून दिसत असल्यासारखे होते. अर्धा टँकर संपला तरी म्हसोबा जवळजवळ कोरडा होता. दोन वाजले. दोन दहा झाले. सगळ्यांनी रोबोटांकडे पाहिले. रोबोट काम करत होते. अडीच. तीन. एमडी साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. कुलथे साहेबांनी छत्री मिटली आणि स्वतःही हात जोडले.

बबनराव शिडीवरून उतरले तेव्हा मी खाली उभा होतो.

"देवाला किती मिळालं, बबनराव?"

"चार थेंब. त्येला काय, जलमभर उन्हात बसलाय तो. तापली हुती तार."

"मग हे त्यांना सांगत का नाही?"

त्यांनी फेटा सोडून तोंड पुसले. "सांगितलं की. दोनदा लिवून दिलं. तुमच्याच फायलीत हाय."

सोमवारी करार संपला. पाचव्या दिवशी ते आले नाहीत. त्यांना कोणी बोलावले नव्हते. कुलथे साहेबांनी कागदावर 'तांत्रिक कौशल्य अपुरे' असे कारण लिहिले, तेही मी फाइल केले. पण मधल्या चार दिवसांत दुसऱ्या कुणी घातलेले पाणी लागू पडले नाही. ते सरळ देवावर घातले होते. मग एमडी साहेबांची गाडी गाडे घराण्याच्या दाराशी गेली आणि बबनराव शाल-श्रीफळ घेऊन मानकरी म्हणून परत आले. पाऊस सुरू होईपर्यंत रोज दुपारी दीड वाजता. ते येतील असे मला वाटले नव्हते.

"हे चालतं तुम्हाला?" मी विचारले. "सही चालली नाही, आणि हे चालतं?"

"पानी घालायला सही लागत न्हाई," ते म्हणाले. "आन तार माझी हाय, साहेब. मीच वढलीय. तिला उन्हात टाकून घरी कसं बसू?"

कार्यपद्धती अर्थातच मी लिहिली. किती पाणी घालायचे, असा रकाना होता. बबनरावांनी सांगितले, "पत्रा हाताला सोसवला, की देव शांत झाला समजायचं." मी लिहिले: देवस्थान परिसरातील पृष्ठभाग स्पर्शसह्य होईपर्यंत. परदेशातून आलेल्या ऑडिटरने ते वाचले, दुपारी उभे राहून पाहिले आणि स्थानिक संस्कृतीचा उत्पादनाशी घातलेला मेळ म्हणून त्याची अहवालात स्तुती केली. माझी बढती त्याच वर्षी झाली.

असे तीन उन्हाळे गेले. बबनराव पत्र्यावर, मी खाली शिडी धरून. शिडी धरायला मी का जातो हे त्यांनी कधी विचारले नाही. एकदा वरूनच म्हणाले, "साहेब, एवढं खाली उभं ऱ्हाता, येकदा वर येऊन आकडा तरी वाचा." मी म्हणालो, मला उंचीची भीती वाटते. "व्हय," ते म्हणाले, "समद्यांनाच वाटती."

गेल्या थंडीत ते गेले. झोपेतच. कंपनीने शोकसभा घेतली. एमडी साहेब म्हणाले, बबनराव म्हणजे श्रद्धा आणि तंत्रज्ञान यांतला दुवा होते. कुलथे साहेब, जे आता उपाध्यक्ष आहेत, म्हणाले की त्यांच्याकडून आपण अचूकता शिकलो. दोन मिनिटे शांतता पाळली. ती एक मिनिट दहा सेकंद भरली. या उन्हाळ्यापासून पत्र्यावर तुषारांची स्वयंचलित यंत्रणा बसली आहे. तिचे नाव जलाभिषेक, ती दीड वाजता सुरू होते, आणि तिचा एक फवारा देवाच्या दिशेने ठेवावा असे मी कार्यपद्धतीत घातले आहे. फाटकावरचा ग्रॅनाइट नुकताच पॉलिश केला.

मागच्या आठवड्यात शिडी रिकामी होती. मी चढलो. सर्व्हर रूमच्या टोकाला तारेवर एकशे एकतीस छापलेले आहे. मग रोबोटांच्या बाजूला जाऊन चढलो. तिथे दोनशे सदतीस आहे. वजाबाकी मी दोनदा केली. कागदावर ती तार एकोणनव्वद मीटर आहे, आणि खाली सही माझी आहे.